हजार सेकंदांपलीकडे

आन्कूदच्या धक्क्यावर वीज परत आली,
यंत्राने डोळे उघडले
आणि बेधडक सांगितलं: आज एक जानेवारी, दोन हजार दहा.
बाहेर जुलै. दक्षिणेकडचा, काळाकुट्ट,
दोर ताणून कुरकुरणाऱ्या होड्यांचा जुलै.

मला कळेपर्यंत चार तास
ते भरतीची उंची लिहीत बसलं होतं,
दर सहा मिनिटांनी एक ओळ, सेंटिमीटर अगदी अचूक.
फक्त साल चुकलेलं.

आधी टाइमझोनवर संशय घेतला.
आमच्याकडे तो नेहमीचा आरोपी,
वर्षातून दोनदा घड्याळाशी खेळतो.
पण टाइमझोन तासाचा घोटाळा करतो,
साडेपंधरा वर्षांचा नाही.

मग नेटवर्क. सांतियागोच्या सर्व्हरला नुसतं विचारलं,
काही बदलू नकोस, फक्त सांग.
तो लगेच बोलला. दुसराही. तिसराही.
तिघांचं एकमत: फरक एकोणपन्नास कोटी सेकंद.
म्हणजे वेळ दारापर्यंत येत होती.
आत घ्यायला घरात कुणी नव्हतं.

एनटीपीडी मरून पडला होता.
उठवला. पाचेक मिनिटं बसला असेल,
लॉगमध्ये एक ओळ टाकून परत चालता झाला:
दुरुस्ती हजार सेकंदांहून मोठी आहे,
घड्याळ हाताने लावा.

तसा हा फार सोशिक प्राणी.
मिलिसेकंदाची चूक बोटाने पुसावी तशी पुसतो,
पुढे गेलेल्या घड्याळाला मागे ओढत नाही,
नुसता त्याचा पाय जड करतो,
कुणाला पत्ता लागू न देता.
पण चूक डोंगराएवढी दिसली की
त्याला स्वतःचाच भरवसा वाटेनासा होतो.
जगाचं चुकलं की माझं, हे तुम्ही ठरवा, म्हणतो,
आणि दिवा मालवतो.

हाताने लावण्याआधी फाईल उघडली.
तारीख बघून यंत्राने आजचं पाणी
दोन हजार दहाच्या खात्यात नेऊन ओतलं होतं,
एलेउतेरिओ ओयार्सोच्या ओळींखाली.
कागदी ड्रमच्या काळापासूनचा माणूस.
आकड्यांशेजारी शेरा टाइप करायची सवय त्याची सुटली नाही:
घड्याळ दोन मिनिटं मागे. लावलं. ए. ओ.
रात्री फटाके. पाणी शांत. ए. ओ.

आणि त्याला लागूनच आज रात्रीचं पाणी,
धक्क्याची तिसरी पायरी गिळलेलं,
शेऱ्यावाचून.

त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
चहा थंड होईपर्यंत मी ते तसंच राहू दिलं.

मग एक्केचाळीस ओळी उचलल्या,
प्रत्येकीत एकोणपन्नास कोटी आणि वरचे सुटे सेकंद मिळवले,
त्यांच्या खऱ्या रात्री नेऊन ठेवल्या.
शेवटी लिहिलं: घड्याळ साडेपंधरा वर्षं मागे. लावलं.
खाली माझं नाव घालताना जरा लाज वाटली.

तारीख हाताने दिली. एनटीपीडी उठवला.
या वेळी गेला नाही.
सांतियागोच्या हाका मोजत बसले, आठाच्या हिशेबात:
१, ३, ७, १७, ३७, ७७, १७७, ३७७.
नावापुढे चांदणी उमटली.
बाहेरच्या आभाळात एकही नव्हती.

दोषी सापडला पहाटे, पेटी उघडल्यावर,
नखाएवढ्या पत्र्याखाली बसलेला:
गोल सेल, तीन व्होल्टच्या जागी शून्य पॉइंट नऊ.
वीज गेली की साल सांभाळायचं,
एवढंच त्याचं काम होतं.
नवा बसवला. जुना खिशात टाकला.

सकाळी होविताच्या बेकरीत
पावाचे पैसे मोजून दिले.
तिने त्यातून एक नाणं वेगळं काढलं,
उजेडात धरलं, ओट्यावर वाजवून पाहिलं,
माझ्या तळहातावर परत ठेवलं.
हे चालत नाही, एदू, म्हणाली.

ठाऊक आहे, म्हटलं,
आणि दुसऱ्या खिशात हात घातला.